यण्णीमज्जनाच्या नगरीत : सोलापूर आणि घरचे सिद्ध तेल

मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे भोगीच्या दिवशी, सोलापूर शहराला तेलाचे स्नान घडते. बाळीवेशीतील हिरेहब्बू वाड्यातून श्री सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात आणि शुभ्र बाराबंदी घातलेले मानकरी ते पेलत शहराची प्रदक्षिणा करतात. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी नगराच्या चहूबाजूंस ६८ लिंगे स्थापिली, अशी श्रद्धा आहे. त्या प्रत्येक लिंगाला या दिवशी तैलाभिषेक होतो. या विधीला सोलापूरकर ‘यण्णीमज्जन’ म्हणतात. शब्द कानडी वळणाचा आहे. ‘एण्णे’ म्हणजे तेल आणि ‘मज्जन’ म्हणजे स्नान. मराठी, कानडी आणि तेलुगू या तिन्ही भाषा एकाच गल्लीत नांदणाऱ्या या नगरीने तेलाचा सण कानडीत ठेवला आणि तो साजरा मात्र सर्व भाषांत केला.

हा उत्सव आपल्या धर्मपरंपरेतील नव्हे. तरीही सोलापूरकडे पाहण्यासाठी त्याच्याइतकी चांगली खिडकी दुसरी नाही. चादर, टॉवेल, शेंगाचटणी आणि कडक भाकरी यांमुळे हे शहर सर्वपरिचित आहे. पण व्यापारी घराण्यांच्या माजघरात येथे आणखी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध होत आली आहे, ती म्हणजे वनस्पती घालून कढविलेले घरचे तेल. सांध्यांसाठी निर्गुंडीचे, केसांसाठी माक्याचे आणि बाळंतिणीच्या व बाळाच्या अंगाला लावण्यासाठी ओव्याचे. या तेलाचा माग काढीत शहरातून फिरले असता सोलापूरची माती, बाजार, पाण्याची टंचाई आणि येथील जैन श्रेष्ठींनी केलेले एक मोठे ग्रंथकार्य, अशा चारही गोष्टी वाटेत भेटतात.

काळी माती आणि पिवळे फूल

सोलापूर जिल्हा रब्बीचा. पावसाचा भरवसा कमी. परंतु काळी जमीन मिळालेला ओलावा धरून ठेवते आणि त्या ओलाव्यावर मंगळवेढ्याची ज्वारी उभी राहते. या ज्वारीच्या कडेने किंवा मधून करडईचे पट्टे घेण्याची येथील जुनी रीत आहे. करडईच्या काट्यांमुळे गुरे पिकात शिरत नाहीत आणि तिची खोल जाणारी मुळे खालची ओल शोधून काढतात. म्हणजे कुंपणाचे कुंपण आणि तेलाचे तेल! करडईवरील अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे केंद्रही सोलापुरातच आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या या केंद्रातून ‘भीमा’ या नावाचे प्रसिद्ध वाण शेतकऱ्यांच्या हाती गेले. ज्या नदीच्या खोऱ्यात हे पीक रुजले, त्याच नदीचे नाव वाणाला मिळावे हे उचितच झाले.

सोलापूरच्या स्वयंपाकघरात करडईच्या तेलाला असा मान असताना औषधी तेल करण्यासाठी मात्र घरातील वडीलधारी मंडळी तिळाचेच तेल मागवीत. यामागे नुसती रूढी नाही. चरकसंहितेत वनस्पतींपासून मिळणाऱ्या स्नेहांमध्ये तिळाचे तेल सर्वांत हितकर आणि कुसुंभाचे म्हणजे करडईचे तेल सर्वांत अहितकर गणले आहे. आधुनिक रसायनशास्त्र हा निवाडा इतक्या कठोरपणे देणार नाही. आहारात करडईच्या तेलाची आज प्रशंसाच होते. परंतु त्यात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण फार मोठे, साधारण तीन-चतुर्थांश असते. असे तेल हवा आणि उष्णता लागताच लवकर खवट होते आणि पातळ थरात वाळून चिकट बनते. जुन्या काळी ते रंग व रोगणासाठी वापरले जाई, ते या गुणामुळेच. तिळाच्या तेलात मात्र सेसॅमॉलसारखी द्रव्ये स्वभावतःच असतात आणि ती तेलाला खवटपणापासून राखतात. जे तेल दोन-तीन तास मंदाग्नीवर राहणार आणि नंतर महिनोन्‌महिने बाटलीत टिकायचे, त्यासाठी तीळच योग्य. आपल्या वडीलधाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाविना केवळ वास घेऊन हे ओळखले होते.

मधल्या मारुतीपासून माजघरापर्यंत

बाळीवेस, चाटी गल्ली, मधला मारुती आणि टिळक चौक हा जुन्या सोलापूरच्या व्यापाराचा गाभा. कापड, किराणा, पूजासाहित्य आणि मसाले यांच्या गर्दीत काष्ठौषधीची दुकाने डोळ्यांआधी नाकाला सापडतात. नागरमोथा, गव्हला कचोरा, वाळा, जटामांसी, मंजिष्ठ, बावची, आवळकाठी, वाळलेला माका आणि ब्राह्मी ही सारी पोत्यांतून, डब्यांतून आणि पत्र्याच्या पेट्यांतून मांडलेली असतात. दिवाळीपूर्वी उटण्यासाठी येथे रीघ लागते. दुकानदार कागदाच्या पुडीत वस्तू बांधताना सहज विचारतो, “केसांसाठी का अंगासाठी?” या एका प्रश्नावरून समजावे की गिऱ्हाईक घरी कढई चढविणार, हे तो अजून गृहीत धरून आहे.

आमच्या काकी या बाजारापासून हाकेच्या अंतरावर राहतात. हुमड समाजातील हे घर. पूर्वज गुजरातेतून व्यापारासाठी आले आणि येथलेच झाले. घरात काकांच्या गुडघ्यांसाठी आणि चातुर्मासात विहार करून आलेल्या त्यागीजनांच्या वैयावृत्त्यासाठी दरवर्षी निर्गुंडीचे तेल सिद्ध होते. निर्गुंडी ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर आपोआप वाढते. जनावरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. तिचा पाला खुडला तरी झुडूप पुन्हा फुटते, रोप उपटावे लागत नाही. कंदमूळ टाळणाऱ्या घराला ही वनस्पती म्हणूनच सोयीची. महाराष्ट्रातील अनेक घरांत बाळाच्या छातीला चोळण्यासाठी लसूण तेलात तळतात. काकींच्या घरी त्या जागी ओवा आला, तोही याच विचाराने.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सोलापूरला गेलो, तेव्हा काकींच्या सूनबाईंनी एक निश्चय केला होता. त्या एका बँकेत नोकरी करतात आणि आकड्यांवर त्यांचा विश्वास आहे. त्या म्हणाल्या, “आई, तुमच्या ओंजळीचे वजन मला करायचे आहे. तुमची ओंजळ आणि माझी ओंजळ सारखी नाही.” काकी हसल्या आणि म्हणाल्या, “कर गं बाई. हिशेब ठेवणारी माणसे आपण, तेलाचाच राहिला होता.”

मग तराजू आला. काकींनी नेहमीच्या सवयीने दोन वाट्या तेल घेतले, चार ओंजळी पाला घेतला, एक लोटा पाण्यात त्यातला बराचसा उकळून काढा केला आणि उरलेला वाटून कल्क केला. प्रत्येक वस्तू कढईत पडण्यापूर्वी मोजली गेली आणि जुन्या रोजमेळाच्या कोऱ्या पानावर उतरली.

शास्त्राचे माप आणि दुष्काळाचे माप

आयुर्वेदाने सिद्ध तेलाचे जे सर्वसाधारण प्रमाण ठरविले आहे, ते शार्ङ्गधरसंहितेमुळे वैद्यांच्या तोंडी बसले आहे. कल्क एक भाग, स्नेह चार भाग आणि द्रव सोळा भाग. कल्क म्हणजे वनस्पतीची वाटलेली चटणी, स्नेह म्हणजे तेल वा तूप आणि द्रव म्हणजे स्वरस, काढा अथवा दूध. घरगुती मापात बोलायचे तर २५० मिलिलिटर तिळाच्या तेलाला साधारण ६० ग्रॅम कल्क आणि १ लिटर काढा. काढ्यासाठी सावलीत वाळविलेला अर्धा किलो पाला भरडून ४ लिटर पाण्यात घालावा आणि पाणी १ लिटर उरेपर्यंत आटवावे. इतक्या खटाटोपानंतर हाती येते ते पाव लिटर तेल! त्याची किंमत कोणत्या बाजारभावाने करावी?

काकींचे माप वजन करून पाहिले, तेव्हा कल्क शास्त्राच्या जवळपास निघाला. काढा मात्र तेलाच्या दुपटीलाही पोहोचत नव्हता. शास्त्र चौपट मागते. सूनबाईंनी हे वाचून दाखविताच काकी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “बहात्तरच्या दुष्काळात मी लग्न होऊन या घरात आले. घागरभर पाण्यात पिणे, स्वयंपाक, देवाचे, सारे भागवायचे. सासूबाईंनी मला तेल शिकविले ते त्या वर्षी. तेलाला चौपट पाणी कोण देणार होते?”

१९७२ चा तो दुष्काळ महाराष्ट्र विसरलेला नाही. रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडणारे लोक, टँकरभोवतीच्या रांगा आणि गावेच्या गावे सोडून निघालेली कुटुंबे हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले चित्र. पुढे भीमेवर उजनीचे धरण झाले आणि त्याचे पाणी सोलापूर शहरापर्यंत आले. तरी नळाला रोज पाणी येण्याचे सुख या शहराच्या वाट्याला फारसे आले नाही. परंतु एका घराच्या तेलाच्या कृतीतही त्या वर्षाने आपली खूण सोडली असेल, असे त्या दुपारपर्यंत आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नव्हते. टंचाई संपली, पण कृतीतील टंचाई तशीच राहिली. कारण ती कोठे लिहिलेली नव्हती. हाताने हाताला शिकविली होती आणि हात प्रश्न विचारीत नाही.

सूनबाईंनी रोजमेळात दोन पाने केली. एकावर ‘आईंचे तेल’, दुसऱ्यावर ‘शास्त्राप्रमाणे’. दोन्ही तऱ्हांचे तेल काढले आणि दोन बाटल्या भरल्या. काकांना विचारले, गुण कोणत्याचा अधिक? काका म्हणाले, “चोळणारा हात एकच आहे, मी काय सांगू?” न्यायनिवाडा तेथेच राहिला. पण दोन्ही पाने आता घरात आहेत आणि पुढची पिढी तुलना तरी करू शकेल.

पाणी संपल्याची खूण

तेल सिद्ध करण्यातील खरी विद्या मापात निम्मी आणि अग्नीपुढे बसण्यात निम्मी आहे. तेलात पाणी आहे तोवर कढईतील उष्णता पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या आसपासच राहते आणि तोवर पाला जळत नाही. पाण्याच्या अंगचे आणि पाल्याच्या अंगचे गुण या दीर्घ सहवासात तेलात उतरतात. पाण्याचा शेवटचा अंश निघून गेला की मात्र उष्णता झपाट्याने चढते आणि काही मिनिटांत सारे करपून जाते. पाणी राहिले तर तेल कुबट होते, पाणी संपूनही अग्नी राहिला तर तेल जळते. या दोहोंच्या मधला क्षण ओळखणे हीच सिद्धी.

या क्षणाच्या खुणा शास्त्राने सांगितल्या आहेत आणि घरातील स्त्रियांनी त्या जशाच्या तशा जपल्या आहेत. कल्क बोटांत धरून वळला असता त्याची वात होते. ती वात ज्योतीवर धरली तर तडतड आवाज होत नाही. आवाज झाला तर अजून पाणी आहे. तेलावर फेस येतो. तूप असेल तर याच वेळी फेस शमतो. घातलेल्या वनस्पतीचा गंध आणि वर्ण तेलात स्पष्ट उतरतो. पाकाचे प्रकारही तीन आहेत. मृदू पाकातील तेल नस्यासाठी, मध्यम पाकातील तेल सर्व कामांसाठी आणि खर पाकातील तेल अंगाला चोळण्यासाठी. त्यापुढे गेलेले तेल दग्ध, म्हणजे टाकून देण्याजोगे. काकी या संज्ञा वापरीत नाहीत. त्या म्हणतात, “तडतड थांबली, की चूल थांबवायची.”

घर जैन असल्यामुळे या कामाला काही मर्यादा आपोआप येतात आणि त्यातील बहुतेक तेलाच्याही हिताच्या ठरतात. पाणी दुहेरी गळण्याने गाळून घ्यायचे आणि गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटांची, म्हणून ते लगेच अग्नीवर चढवायचे. कापडाच्या या नगरीत उत्तम जाड सुती कापडाला तोटा नाही, त्यामुळे गळणेही येथे मनाजोगते मिळते. पाला निवडताना प्रत्येक पान उलटसुलट पाहायचे, त्यावर कीटक वा अंडी असतील तर ते पान बाजूला ठेवायचे. काम उजेडी करायचे आणि सूर्यास्तापूर्वी अग्नी शांत करायचा, म्हणजे दिव्याकडे झेपावणारे जीव कढईत पडत नाहीत. शास्त्रही येथे साह्याला येते. तेल-तूप एका दिवसात उरकू नये, रात्रभर ठेवल्याने त्याचा गुण वाढतो, असे शार्ङ्गधराचे मत आहे. अर्थात काम अपुरे राहिले तर कढईवर घट्ट झाकण ठेवून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा चढविण्यास मोकळीक आहे.

अग्नीचा आरंभही कमी करावा असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी आदित्यपाकाचा मार्ग आहे. पूर्ण वाळलेली वनस्पती तेलात भिजवून ती बरणी काही दिवस कडक उन्हात ठेवायची. चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांपुढे नेणाऱ्या सोलापूरच्या सूर्याला एवढे काम सहज साधते. मात्र या रीतीत वनस्पती ओली असता कामा नये, हे विसरू नये.

माळखेड ते सोलापूर

वाडीहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ‘मालखेड रोड’ नावाचे एक साधे स्थानक लागते. येथून जवळच असलेले माळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. नवव्या शतकात येथे नृपतुंग अमोघवर्षाचे राज्य होते. जैन आचार्यांचा तो आश्रयदाता. उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ याच काळात रचला. द्वादशांगातील दृष्टिवादात ज्या प्राणावाय पूर्वाचा उल्लेख येतो, त्या परंपरेतील हा ग्रंथ. मद्य, मांस आणि मधु यांचा अवलंब न करता चिकित्सा करता येते, हे त्याने दाखविले. ग्रंथाच्या शेवटी मांसभक्षणाच्या निष्फळतेवर एक प्रकरण आहे आणि नृपतुंगाच्या सभेत विद्वान वैद्यांसमोर आपण हे प्रतिपादन केले, असे आचार्य सांगतात.

हा ग्रंथ शतकानुशतके पोथ्यांत राहिला. तो छापून लोकांपुढे आला १९४० साली आणि तोही सोलापुरात. पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी त्याचे संपादन व हिंदी भाषांतर केले आणि श्रेष्ठी गोविंदजी रावजी दोशी यांनी सखाराम नेमचंद ग्रंथमालेतून तो प्रकाशित केला. त्याच घराण्यांची नावे आजही शहरात आहेत. शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय आणि शेठ सखाराम नेमचंद जैन आयुर्वेदिक रुग्णालय येथे सोलापूरकर रोज जातात. पण पाटीवरील नावामागे हे ग्रंथकार्य आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? व्यापारातून आलेले द्रव्य धर्मशाळा आणि जिनालये यांत लागते, हे आपण सर्वत्र पाहतो. सोलापूरच्या श्रेष्ठींनी ते पोथी वाचविण्यासाठीही लावले. याच नगरीत पुढे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या नावाने जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली आणि तिने अनेक प्राकृत-संस्कृत ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या जगापुढे ठेवल्या.

माळखेडच्या सभेत बोललेले शब्द सोलापूरच्या छापखान्यात पोहोचावयास अकराशे वर्षे लागली. मधल्या काळात कोणी तरी पोथी नकलून ठेवली, म्हणूनच ते शक्य झाले. घरच्या तेलाची गत पोथीहून नाजूक आहे. त्याची नक्कल करणारा लेखनिक नाही. काकींसारखी एक व्यक्ती गेली की तिच्या ओंजळीचे माप, तडतड थांबल्याचा तिचा कान आणि पाला ओळखणारे तिचे नाक, सारे एकदम जाते.

बाटलीवरील नाव आणि बाटलीतील वस्तू

कोणी म्हणेल, आता बाजारात सर्व काही मिळते, मग एवढा उपद्व्याप कशाला? प्रश्न रास्त आहे आणि आपण व्यापारी असल्यामुळे त्याचे उत्तरही आपणच द्यावयास हवे. वनस्पतींची चित्रे मिरविणाऱ्या बाटलीमागचा बारीक मजकूर वाचला तर काही तेलांत पहिले नाव लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल, असे आढळते. ते लेबलवर छापलेले असते, म्हणून कायद्याने गुन्हा नाही. परंतु घेणाऱ्याची समजूत आणि बाटलीतील वस्तू यांत अंतर राहते. भेसळीचे रूप तर याहून भयंकर. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळल्याने जलोदरासारख्या सुजेची साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिक मानोन्मान म्हणजे खोटे माप आणि प्रतिरूपक व्यवहार म्हणजे खऱ्याच्या नावाखाली नकली वस्तू देणे, हे दोन आहेत. दुकानात बसणाऱ्या श्रावकासाठी आचार्यांनी चोरीची व्याख्या तिजोरीपुरती ठेवली नाही, ती तराजूच्या पारड्यापर्यंत आणि डब्याच्या झाकणापर्यंत नेली. ज्याने घरी एकदा तरी पाव लिटर तेलासाठी लिटरभर काढा आटविला आहे, त्याला शुद्ध वस्तूची किंमत कळते. तो ती विकताना भेसळ करणार नाही आणि विकत घेताना अति स्वस्ताला भुलणार नाही. घरची कढई ही व्यापाऱ्याच्या सचोटीचीही शाळा आहे.

सावधगिरीचे चार शब्द

घरचे म्हणून ते निर्दोष, असे मात्र समजू नये. ओली वनस्पती न तापविता तेलात बुडवून ठेवण्याची रीत अलीकडे स्वयंपाकात लोकप्रिय झाली आहे. ती धोक्याची आहे. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि ओल असेल तर बोट्युलिझमचे जंतू अशा जागी वाढतात. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात १९८५ मध्ये तेलात ठेवलेल्या लसणामुळे उपाहारगृहात जेवलेल्या अनेकांना हा विषार झाला होता. वास वा चव बदलल्याशिवायही हे घडू शकते. आपल्या परंपरेने पाणी पूर्ण आटविण्यावर जो भर दिला, त्याचे मोल येथे कळते. चोळण्यासाठी केलेले तेल पोटात घेऊ नये, हेही ओघानेच आले.

कढई मोठी व खोल घ्यावी आणि ती निम्म्याहून कमी भरावी, कारण शेवटी फेस वर येतो आणि उतू गेलेले तेल पेट घेते. जवळून हलू नये, मुलांना दूर ठेवावे. तापलेल्या तेलात पाण्याचा थेंबही पडू देऊ नये. तेल कोमट असतानाच कोरड्या कापडातून गाळावे आणि पूर्ण वाळलेल्या काचेच्या बाटलीत भरावे. बाटलीवर तेलाचे नाव आणि तारीख लिहावी. थोडेच करावे आणि तीन-चार महिन्यांत संपवावे. खवट वास आला तर मोह न धरता टाकून द्यावे. प्रथम हाताच्या आतल्या बाजूस थोडे लावून दिवसभर पाहावे. कानात, नाकात अथवा तान्ह्या बाळासाठी वापरण्यापूर्वी वैद्याचा वा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सुजलेला, लाल झालेला गुडघा तेलाने झाकून ठेवण्याऐवजी तपासून घ्यावा.

वहीतील एक पान

सोलापूरला जाण्याचा योग आला तर भोगीच्या सुमारास जावे. सिद्धेश्वर तलावाचे पाणी, भुईकोट किल्ल्याची तटबंदी आणि तैलाभिषेकाला निघालेले नंदीध्वज पाहावेत. जिनमंदिरांत दर्शन घ्यावे. मधल्या मारुतीच्या बाजारात काष्ठौषधीच्या दुकानापुढे पाच मिनिटे उभे राहावे आणि घाण्याचे चांगले तिळाचे तेल मिळाले तर घेऊन यावे. पण सर्वांत मोलाची वस्तू बहुधा आपल्याच घरात आहे. आपल्या आजी, आई, आत्या अथवा काकी यांपैकी कोणाच्या तरी हातात एखाद्या तेलाचे माप अजून जिवंत असेल. हे काम फक्त सुनांनी करावे असेही नाही. तराजू धरण्याची सवय घरातील पुरुषांना अधिक आहे.

दीपावलीला आपण वहीपूजन करतो आणि वीर निर्वाण संवताच्या नव्या वर्षाचा हिशेब उघडतो. त्या नव्या वहीत यंदा एक पान तेलासाठी राखावे. वडीलधाऱ्या स्त्रीजवळ बसावे, तिची ओंजळ वजन करावी आणि लिहावे : तेल किती, पाला किती, काढा किती, अग्नी कधी पेटविला, तडतड कधी थांबली. कोणी शिकविले, कोणत्या वर्षी, हेही लिहावे. माप शास्त्राशी जुळले नाही तर खोडू नये. त्याचे कारण विचारावे आणि तेही त्याच ओळीखाली नोंदवावे.